विजन आणि भाकरी : मराठी भ्रमणगद्यातील एकट्या प्रवाशाचा एकांत

१

मराठी प्रवासवर्णनांच्या समीक्षेत एकट्याने केलेल्या भ्रमंतीचा विचार बहुधा 'निसर्गसान्निध्य' या सदरात उरकला जातो. प्रवासी शहराला विटतो, डोंगरावर किंवा समुद्राकाठी जातो, तेथे त्याला शांती लाभते आणि ती शांती तो वर्णनाच्या रूपाने वाचकांपर्यंत पोहोचवतो, अशी ही मांडणी असते. तीत निसर्ग हा देणारा आणि प्रवासी हा घेणारा. या दोघांच्या मधे तिसरे कोणी उभे असेल, ही शक्यता विचारात घेतली जात नाही. परिणामी वर्णनाच्या चित्रमयतेची, प्रतिमांची आणि शैलीची चर्चा होते. हा एकांत प्रवाशाला कोणाच्या बळावर परवडला, हा प्रश्न मात्र उपस्थितच होत नाही.

मराठीत या अनुभवासाठी असलेले शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. 'एकांत' आणि 'एकटेपणा' हे समानार्थी नव्हेत. एकटेपणा वाट्याला येतो, एकांत साधावा किंवा मिळवावा लागतो. 'एकलकोंडा' या शब्दात तर सरळ नापसंती आहे; माणसांत न मिसळणाऱ्याविषयी भाषेने दिलेला तो निवाडाच म्हणावा लागेल. 'विजन' हा जुना शब्द स्थलवाचक आहे, पण महानुभावांच्या परिभाषेत तो आचारवाचक झाला. माणसांपासून दूर जाण्याच्या क्रियेला ज्या भाषेने इतक्या छटा दिल्या, तिच्या गद्यात ही क्रिया सरळसोपी असणे संभवत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मराठी भ्रमणगद्यातील एकांत हा माणसांच्या अभावाने नव्हे, तर माणसांनी दिलेल्या अन्नपाण्याने आणि निवाऱ्याने शक्य झालेला आहे. डोंगराला हा आधार परंपरेने लाभला, समुद्रकिनाऱ्याला लाभला नाही. आणि हा आधार ज्यांना नाकारला गेला त्यांना, डोंगर तोच असूनही, एकांत मिळाला नाही.

२

विचाराचा आरंभ 'लीळाचरित्रा'पासून करणे सोयीचे आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या या ग्रंथाच्या पहिल्या भागाला 'एकांक' असे नाव आहे. चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीचा हा काळ. भोवती शिष्यपरिवार नाही, लीळा पाहणारा कोणी साक्षीदार नाही. मराठी गद्याच्या पहिल्याच मोठ्या ग्रंथाने एका माणसाच्या एकटे असण्याला स्वतंत्र विभाग द्यावा, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात जितकी ठळक व्हायला हवी होती तितकी झालेली नाही. ऋद्धिपुराहून निघालेले चक्रधर सातपुड्यातील साळबर्डीच्या डोंगरात दीर्घकाळ राहिले, असे संप्रदायाची परंपरा सांगते. तेथे त्यांना मुक्ताबाई ही तपस्विनी भेटते. म्हणजे ज्या डोंगराला निर्जन म्हणावे तेथे एक स्त्री आधीच एकांतात राहत आहे.

या भागातील सशाची लीळा सर्वपरिचित आहे. चक्रधर झाडाखाली एकटे बसले असता पारध्यांनी कुत्री सोडलेला ससा येऊन त्यांच्या मांडीखाली आश्रय घेतो. मागोमाग पारधी येतात आणि ससा मागतात. शरण आलेल्या जिवाला सोडता येत नाही, हे चक्रधर त्यांना सांगतात, आणि अखेरीस पारध्यांचे मन पालटते. ही लीळा अहिंसेचा दृष्टांत म्हणून शिकवली जाते, ते योग्यच आहे. परंतु येथे तिच्या रचनेकडे पाहावे. एक माणूस सगळ्यांपासून दूर, झाडाखाली बसला आहे. आणि त्याच्या या दूर असण्यामुळेच पळणाऱ्या जिवाला तेथे जागा मिळते. विजन म्हणजे येथे रिकामी जागा नाही. भेदरलेला ससा आणि त्याच्यामागचे पारधी या दोघांनाही जेथे यावेसे वाटते अशी ती जागा आहे. नंतरच्या प्रवासी लेखनात क्वचितच एवढ्या थोड्या शब्दांत एकांताचे हे आतिथ्य प्रकटले आहे.

पुढे संप्रदायाच्या आचारधर्मात अटन, विजन आणि भिक्षा ही त्रयी स्थिर झाली. साधकाने ओळखीपाळखीच्या मुलखापासून दूर, देशाच्या टोकाशी, झाडाच्या तळाशी आयुष्य घालवावे, असा सूत्रपाठातील उपदेशाचा आशय आहे. मात्र त्याच साधकाने गावात जाऊन भिक्षा मागायची आहे. गाव आणि विजन यांच्यात असे नित्याचे येणेजाणे आहे. गावाशी संबंध तोडला तर विजन दोन दिवसही टिकणार नाही, याचे भान या आचारात पक्के आहे. समर्थांच्या 'दासबोधा'तही चौदाव्या दशकाचा दुसरा समास भिक्षेच्या निरूपणाला दिलेला आहे. भिक्षेवर जेवणारा निराहारीच समजावा, असे तेथे म्हटले आहे. ज्या रामदासांचे नाव शिवथरघळीच्या एकांताशी जोडले जाते, त्यांनीच दारोदार जाण्याला हे मोल दिले. संप्रदाय भिन्न, तत्त्वज्ञान भिन्न. एकांताचा हिशोब मात्र एकच.

३

'ज्ञानेश्वरी'च्या तेराव्या अध्यायात ज्ञानलक्षणांच्या विवरणात एकांताची आवड असलेल्या पुरुषाचे वर्णन येते. गीतेच्या मूळ श्लोकात विविक्त देशाचे सेवन आणि जनसंसदेविषयी अरती एवढेच सांगितले आहे. ज्ञानदेव त्याला स्थळे पुरवतात : तीर्थे, नद्यांचे निर्मळ काठ, तपोवने, गुहा, डोंगरांच्या कुशीतील कपारी, जलाशयांचे परिसर. या यादीत समुद्रकिनारा नाही. समुद्र 'ज्ञानेश्वरी'त ठायी ठायी आहे, पण तो उपमेत आहे. अथांगपणा, भरती, लाटा आणि पाणी यांचे एकत्व, नद्या सामावून घेणे यांसाठी तो येतो. बसण्याची जागा म्हणून येत नाही. ही केवळ देशावरच्या कवीची भौगोलिक मर्यादा म्हणून सोडून देता येणार नाही, कारण पुढील काही शतकांतही हेच चित्र दिसते. मराठी संतपरंपरेला भवसागर तरून जायचा आहे, त्याच्या काठावर बसायचे नाही.

डोंगराची परंपरा मात्र अखंड आहे, आणि तुकोबांच्या निमित्ताने तिचा सर्वांत बोलका दाखला हाती लागतो. देहूजवळचे भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर तुकोबांच्या एकांताची स्थाने म्हणून प्रसिद्ध आहेत. झाडे-वेली आणि वनचर यांना सोयरे मानणारा त्यांचा अभंग तर प्रवासवर्णनांच्या आरंभी उद्धृत करण्याचा प्रघातच पडून गेला आहे. या उद्धरणांत एक गोष्ट हटकून गळते. परंपरेने जपलेल्या आख्यायिकेनुसार जिजाई रोज भाकरी घेऊन डोंगर चढत असे. एकदा तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला स्वतः विठ्ठल आला, असे ही कथा सांगते. आख्यायिकेच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. लोकमानसाने तुकोबांचा एकांत कसा समजून घेतला, हे ती दाखवते, आणि ते समीक्षकांच्या समजुतीहून अधिक नेमके आहे. वर एक माणूस नामात रंगला आहे, आणि खालून एक बाई, घरची चणचण, मुले आणि राग हे सगळे बरोबर घेऊन, भाकरी पोहोचवायला चढते आहे. विठ्ठल प्रकटतो तो माथ्यावर नव्हे, वाटेवर, आणि तोही भाकरी नेणारीपुढे. आख्यायिका रचणाऱ्यांनी देवाला नेमके कुठे उभे केले, हे लक्षात घ्यावे.

४

विसाव्या शतकात ही परंपरा सर्वांत समर्थपणे चालवली ती गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८) यांनी. किशोरवयात स्वातंत्र्यचळवळीच्या ओढीने घर सोडलेल्या, गाडगेमहाराजांच्या सहवासात राहिलेल्या आणि नर्मदेचा काठ पायी तुडवलेल्या या लेखकाने त्या परिक्रमेचे दोनदा साहित्य केले : 'नर्मदेच्या तटाकी' या प्रवासवर्णनात आणि 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीत. दुसऱ्या शीर्षकातील 'कुणा एकाची' ही योजना अर्थपूर्ण आहे. प्रवासवर्णन हा प्रकार सामान्यतः 'मी'चा उत्सव असतो. मी गेलो, मी पाहिले, मला वाटले. येथे नावच काढून घेतले आहे. हे विनयाचे लक्षण मानले जाते, पण परिक्रमेच्या नियमांशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे. परिक्रमावासी दारात उभा राहतो तेव्हा त्याला नाव-गाव विचारले जात नाही. त्याची ओळख एवढीच की तो मैयेच्या वाटेवर आहे. नाव गळाल्याशिवाय शिधा मिळत नाही, असे काहीशा अतिशयोक्तीने म्हणता येईल.

ही परिक्रमा अमरकंटकच्या डोंगरापासून खंबातच्या आखातापर्यंत आणि पुन्हा माघारी जाते. नदीची लांबी सुमारे १३१२ किलोमीटर, म्हणजे चाल त्याच्या दुपटीहून अधिक. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचे नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचे. परंपरेने तिचा काळ ३ वर्षे ३ महिने १३ दिवस मानला जातो. हा प्रवास काठावरच्या गावांनी चालवलेल्या सदावर्तांवर उभा आहे. यात्रिक दिवसभर एकटा चालतो, संध्याकाळी कोणाच्या तरी ओसरीवर टेकतो, मिळालेल्या पिठाची टिक्कड भाजतो आणि पहाटे निघतो. मुक्काम लांबवायचा नाही, माया लावून घ्यायची नाही. 'भ्रमणगाथे'तील खरा ताण येथेच आहे. निसर्गवर्णने देखणी आहेत, यात शंका नाही. परंतु ही कादंबरी वाचकाला धरून ठेवते ती वाटेत लागलेल्या जिव्हाळ्यातून पाऊल उचलून पुढे जाण्याच्या क्षणांमुळे. एकांत येथे दरवेळी कोणाला तरी सोडून जाऊन मिळवावा लागतो, आणि ज्याला सोडले त्याच्याच हातचे खाऊन चालण्याची शक्ती आलेली असते.

शूलपाणीच्या झाडीचा प्रसंग परिक्रमेच्या बहुतेक वृत्तांतांत येतो. तेथील भिल्ल यात्रिकाचे सारे काढून घेतात आणि तो लंगोटीनिशी पुढच्या गावी पोहोचतो, असे हे कथासूत्र. यात्रिक या लुटीला मैयेची परीक्षा समजतात. मात्र भिल्लांच्या बाजूने हा प्रसंग कोणी सांगितलेला नाही, हे नोंदवले पाहिजे. पुढे सरदार सरोवराच्या पाण्याखाली ही झाडी, शूलपाणेश्वराचे जुने मंदिर आणि त्या आदिवासींची गावे गेली. १३८.६८ मीटर उंचीच्या त्या धरणाचे लोकार्पण २०१७ मध्ये झाले. जुनी पाऊलवाट आता पुस्तकांतच उरली आहे. 'भ्रमणगाथे'चा आजचा वाचक त्या वाटेवर जाऊ शकत नाही, यामुळे या कादंबरीच्या वाचनात लेखकाला अभिप्रेत नसलेली एक करुणा मिसळते.

दांडेकरांच्याच 'माचीवरला बुधा'त हा विचार वेगळ्या वळणावर जातो. मुंबईच्या गिरणीतले आयुष्य सोडून राजमाचीवर परतणारा बुधा हा प्रवासी नव्हे. तो घरी जातो. माचीवर त्याच्या सोबतीला झाडे, पाखरे आणि कुत्रा. मुंबईत माणसांच्या गर्दीत तो एकटा होता आणि येथे माणसांवाचून तो एकटा नाही. या कादंबरीत डोंगर हे विश्रांतीचे स्थळ म्हणून येत नाही, हे तिचे बळ. बुधाला तेथे राबावे लागते.

५

आता या परंपरेची दुसरी बाजू. वर सांगितलेला एकांत दारातून मिळणाऱ्या अन्नावर आणि वाटेतल्या पाण्यावर उभा असेल, तर ज्याला दारात उभे राहू दिले जात नाही आणि पाण्याला हात लावू दिला जात नाही, त्याच्या एकट्या प्रवासाचे काय होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजीत लिहिलेल्या आठवणींतून याचे उत्तर मिळते. लेखन १९३०च्या दशकातले. पुस्तिकेच्या रूपाने ते १९९० साली प्रसिद्ध झाले. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात. न्यायला कोणी आलेले नाही, जात कळताच स्टेशनमास्तर बिचकतो, भाडे देऊनही गाडीवान मिळत नाही आणि बरोबर डबा असूनही पाण्यावाचून रात्र काढावी लागते. त्या रात्री उघड्या माळावर शांतता होतीच. तिला एकांत म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

याच लेखनातला १९३४चा प्रसंग भ्रमणवाङ्मयाच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी दौलताबादचा किल्ला पाहण्यास जातात. वाटेची धूळ धुण्यासाठी दरवाजाजवळच्या हौदाचे पाणी घेतात, आणि पाणी बाटवले म्हणून तेथील मुसलमानांचा जमाव अंगावर येतो. किल्ला पाहण्याची परवानगी मिळते ती आत कोठेही पाण्याला न शिवण्याच्या अटीवर; बरोबर एक शस्त्रधारी शिपाई दिला जातो. दुर्गभ्रमणाच्या मराठी साहित्यात टाक्याच्या थंड पाण्याचे वर्णन नसलेले पान शोधावे लागेल. ओंजळीने प्यालेले ते पाणी म्हणजे गडाशी झालेली भेट, असा त्याचा सूर असतो. त्या सुराशेजारी हा प्रसंग ठेवला की, ओंजळ भरण्याची मोकळीक हीच त्या एकांताची न सांगितलेली पूर्वअट होती, हे ध्यानात येते. दांडेकरांच्या लेखनाचे मोल याने उणे होत नाही. त्याच्या वाचनात एक भर पडते.

स्त्रीच्या बाबतीत अडसर दुसऱ्या प्रकारचा आहे. साळबर्डीची मुक्ताबाई अपवाद म्हणूनच लक्षात राहते. पंडिता रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रांत गेले, मंदिरांतून पुराण सांगून मिळणाऱ्या दक्षिणेवर कुटुंब चालले, आणि दुष्काळात हा आधार सुटताच १८७४ साली आईवडील गेले. भ्रमंती आणि भिक्षा यांचे नाते इतक्या निष्ठुरपणे क्वचितच कोणाच्या चरित्रात उघडे पडले असेल. बहुतांशी एकटीने दूरचे मुलूख पालथे घालणाऱ्या मीना प्रभूंच्या प्रवासवर्णनांना मोठा वाचकवर्ग लाभला तो भिक्षेची जागा पैसा आणि आरक्षण यांनी घेतल्यानंतरच्या काळात. एकट्या स्त्रीला अनोळखी ओसरीपेक्षा पावती मिळणारी खोली अधिक निर्धास्त वाटावी, यात नवल नाही. विकत घेतलेल्या निवाऱ्याला सरसकट हिणवणाऱ्या समीक्षेने हे विसरू नये.

६

समुद्राचा प्रश्न शिल्लक राहतो. कोकण-गोव्याच्या लेखकांनी समुद्र मराठीत आणला, पण गद्यात तो शांतीचे स्थळ म्हणून फारसा आला नाही. किनारा ही राबत्या माणसांची जागा होती. पुळणीवर होड्या ओढल्या जात, जाळी आणि मासळी वाळत. तेथे निवांत बसणारा माणूस उपराच दिसणार. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कोंडुरा'त (१९६६) घरातील अपमानाने बाहेर पडलेला परशुरामतात्या समुद्राकाठी एकटा जातो, आणि परततो तो शांती घेऊन नव्हे, तर एक वर आणि त्याच्याबरोबरची अट घेऊन. समुद्राने दिलेल्या एकांतातून येथे एक शोकांतिका सुरू होते. डोंगरावर जाणाऱ्या मराठी नायकाचे असे होत नाही.

मुंबई इलाख्यातल्या कारवारचा दाखला येथे घ्यावासा वाटतो, जरी तो बंगाली साहित्यातला आहे. सत्येंद्रनाथ टागोर तेथे न्यायाधीश असताना १८८३ साली तरुण रवींद्रनाथ काही काळ राहिले आणि त्या समुद्राकाठी त्यांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाट्यकाव्य लिहिले. त्याचा विषय असा : जग सोडून गुहेत बसलेल्या संन्याशाला एक अनाथ मुलगी पुन्हा माणसांत ओढते. काका कालेलकरांचे बालपणही काही काळ याच कारवारात गेले होते. पुढे साधनेच्या ओढीने ते गेले मात्र हिमालयात, आणि तेही दोन सोबत्यांसह.

आज वाचकाला परिचित असलेला शांत, रिकामा, सुरूच्या बनाने वेढलेला किनारा हा पर्यटनाने घडवलेला आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्यात आलेले परदेशी तरुण, १९७५ साली स्थापन झालेले राज्याचे पर्यटन विकास महामंडळ आणि १९९८ साली पूर्ण मार्गाने सुरू झालेली कोकण रेल्वे हे त्याचे टप्पे होत. हा एकांत बाजारातून आला म्हणून खोटा ठरत नाही. परंतु त्यात देणाऱ्याचा चेहरा नसतो. खोलीचे भाडे भरलेल्या प्रवाशाला कोणाचे उतराई व्हावे लागत नाही, आणि म्हणूनच त्याच्या गद्यात सूर्यास्त येतो, जेवण वाढणारीचे नाव येत नाही.

परिक्रमेत मात्र समुद्रही येतो, आणि तेथे तिचा नियमच बदलतो. दक्षिण तटावरून चालत आलेला यात्रिक मुखाशी, विमलेश्वराला, थांबतो. पुढे पायवाट नाही. आजवर एकट्याने आलेल्या सगळ्यांना येथे थांबून राहावे लागते, भरतीची वेळ साधावी लागते, आणि नावाड्यांच्या भरवशावर एकाच नावेत खेटून बसून पलीकडच्या मिठी तलाईला उतरावे लागते. नर्मदेचे पाणी तेव्हाही उजव्या हातालाच असते, पण ते खारे झालेले असते.